कोल्हा, खोकड आणि आंबट द्राक्षं

डिसेंबरात अण्णा, म्हणजे माझे वडील, पुण्याला आले होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. ऑपरेशन झालं, सगळं व्यवस्थित, पण दर दोन तासांनी डोळ्यात ड्रॉप घालायचे आणि मग थोडा वेळ डोळे मिटून पडायचं, असं चाललेलं. बागेत दिवसभर उभा राहणारा माणूस हॉलमधल्या दिवाणवर पडून पडून कंटाळलेला. त्या संध्याकाळी ते असेच पडले होते आणि लेक खाली फरशीवर वर्कशीट घेऊन बसली होती. ती चौथीत आहे, इंग्लिश मीडियम. वर्कशीटवर ती जुनीच गोष्ट, लालभडक फॉक्स, झुपकेदार शेपटी, शेपटीचं टोक पांढरं, आणि वर टांगलेला जांभळा घड. खाली गाळलेल्या जागा भरा. तिला एक शब्द काही केल्या आठवेना, 'दोज आर ओन्ली डॅश ग्रेप्स' असं ती तीन-चारदा मोठ्यानं म्हणाली, मी किचनमधून चहा घेऊन येत होतो, आणि मी काही बोलायच्या आत दिवाणवरून आवाज आला, "साउर."

लेक उडालीच. "आबा! तुम्हाला इंग्लिश येतं?"

"न्हाई बाळा. एवढं एकच येतंय. साउर ग्रेप्स." डोळे मिटलेलेच होते. "तुझ्या बापानं शिकिवलंय."

आवाजात काही नव्हतं, ना राग ना टोमणा. आज गारठा आहे म्हणावं तसं ते म्हणाले. लेकीनं शब्द लिहून टाकला आणि पुढच्या रिकाम्या जागेकडे वळली. मी चहाचा कप स्टुलावर ठेवला आणि तिथेच उभा राहिलो, कारण ते मी त्यांना कधी शिकवलं, कुठे शिकवलं, कुणाच्या समोर शिकवलं, सगळं एका क्षणात आठवलं. पण ते नंतर सांगतो, लगेच सांगायची हिंमत होत नाहीये.

मग लेकीनं विचारलं, बाबा, फॉक्स म्हणजे मराठीत कोल्हा ना? मी हो म्हणालो. आयुष्यभर मी हेच म्हणत आलोय. तर पुन्हा दिवाणवरून आवाज, "कोल्हा न्हवं ते. खोकड." लेकीनं खोकड हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. अण्णांनी डोळे मिटूनच हातानं हवेत माप दाखवलं. एवढंसं असतंय, मांजरापेक्षा जरा थोराड, कान मोठे, शेपटीचं टोक काळं, माळावर बीळ करून राहतंय, उंदीर-किडे खातंय. कोल्हा त्याच्यापेक्षा मोठा, तो निराळा, रात्रीचा ओरडतो तो. "आन् कोल्हा द्राक्षं खातो की. आंबट असली तर बागंत पाऊल टाकत न्हाई. कोल्हा यायला लागला की समजायचं, माल तयार झाला."

लेकीला हे फार आवडलं, तिनं वर्कशीटच्या समासात पेन्सिलीनं काळ्या टोकाची शेपटी काढली. मला मात्र रात्री झोप लागेना.

आमचं गाव नान्नजच्या बाजूला, उत्तर सोलापूर तालुक्यात. ज्यांना माहीत आहे त्यांना नाव घेतल्यावर दोनच गोष्टी आठवतात, माळढोक आणि द्राक्षं. 1979 साली तिथे माळढोकचं अभयारण्य झालं, म्हणजे साधारण माझ्याच वयाचं ते. आणि सोनाका, ती लांब लांब मण्यांची पिवळसर द्राक्षं, ती नान्नजच्याच नानासाहेब काळे यांच्या बागेतून सगळीकडे गेली. म्हणजे एका अंगाला कुसळी गवताचा माळ, काळविटं, लांडगे, खोकड, आणि दुसऱ्या अंगाला तारांचे मांडव आणि त्यांना लटकलेले घड. इसापाच्या गोष्टीत जे जे लागतं ते सगळं आमच्या शिवारात हजर होतं. मी तिथे वाढलो, आणि तरी मला ते प्राणी पहिल्यांदा नीट 'कळले' ते इंग्रजीच्या तासाला, आणि तेही चुकीच्या नावांनी. हे अण्णा बोलेपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आमच्या वेळेला इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, तोवर आम्ही शाळा सोडून गेलेलो. पाचवीला एबीसीडी, सहावीला धिस इज अ कॅट, आणि सातवीला एक सर आले ज्यांना पुस्तकापेक्षा गोष्टी सांगायची हौस. त्यांच्याकडे एक लांबट, पुठ्ठा फाटलेली वही होती. वर्गात येऊन ते फळ्याच्या एका बाजूला प्राण्याचं नाव लिहायचे, खाली आठ-दहा शब्द, आणि सगळ्यात शेवटी एक इडियम, त्याला चौकोन करायचे. गोष्ट अर्धी मराठीत अर्धी इंग्रजीत. खडूचा वास, पत्र्याच्या छपरातून येणारा उकाडा, बाहेर कुठेतरी फवारणीचा पंप चालू, आणि सर म्हणतायत, बंच म्हणजे? अख्खा वर्ग ओरडायचा, घड! हा शब्द कुणाला पाठ करावा लागला नाही. घरी व्यापारी यायचे ते बंचच म्हणायचे. व्हाइन म्हणजे वेल, आणि वाइन म्हणजे दारू, ओठ असे दुमडा, दातावर ठेवा, व्ह, व्ह. आम्ही सगळी द्राक्षवाल्यांची पोरं, पण व्ह काही निघेना, सगळी दारूच निघायची.

लांडग्याच्या गोष्टीला मात्र गडबड झाली. 'क्राय वुल्फ' असं त्यांनी चौकोनात लिहिलं आणि अर्थ विचारला. क्राय म्हणजे रडणे हे आम्ही महिन्यापूर्वीच पाठ केलेलं, त्यामुळे शेवटच्या बाकावरचा एक जण उठून म्हणाला, रडका लांडगा. सर हसले नाहीत. म्हणाले, क्राय म्हणजे ओरडणंसुद्धा, आणि इथे पोरगा खोटं ओरडतो, लांडगा आला रे आला. तो शेवटच्या बाकावरचा मुलगा धनगराचा होता. त्यांची मेंढरं दरवर्षी आमच्या रानात खतासाठी बसायला यायची, जाळीच्या वाघरीत कोंडलेली, आणि रात्री कधी कधी खरंच आरडाओरडा व्हायचा, बॅटऱ्या घेऊन सगळे पळायचे. तो उभाच राहिला आणि म्हणाला, सर, असं खोटं कुणी ओरडत नाही. सरांनी त्याला बस म्हटलं. मला तेव्हा वाटलं होतं की त्याला गोष्ट कळली नाही. आज वाटतं की त्या वर्गात लांडगा कळलेला तो एकटाच होता, इडियम बाकीच्यांनी पाठ केला.

मला पण त्या चौकोनांनी वेड लावलं होतं हे खरंच आहे. 'डॉग इन द मेंजर' ला सर म्हणाले मेंजर म्हणजे गव्हाण, स्वतः कडबा खात नाही आणि बैलाला खाऊ देत नाही असा कुत्रा. घरी गेलो तर आमचा मोती थंडीचा गव्हाणीत कडब्यावर मुटकुळं करून झोपलेला, आणि म्हैस त्याच्या बाजूनं जीभ फिरवून कडबा ओढत खात होती. दोघांचं काही भांडण नव्हतं. तरी मी दुसऱ्या दिवशी निबंधात ते वाक्य वापरलं आणि सरांनी त्याच्याखाली लाल पेनानं 'व्हेरी गुड' लिहिलं. ते व्हेरी गुड मला डोळ्यासमोर दिसणाऱ्या मोतीपेक्षा खरं वाटलं. मग सवयच लागली. दिसेल त्याला चौकोन करायचा.

सिंहाचा वाटा, त्याचं तर मला फार नंतर कळलं. ऑफिसात एका अमेरिकन माणसाच्या निरोप समारंभात मी भाषण केलं, त्यात म्हणालो की ह्या प्रोजेक्टमध्ये त्यांचा 'लायन्स शेअर' आहे, आपल्याकडे सत्काराच्या प्रत्येक भाषणात म्हणतात तसं. तो जरा चमकल्यासारखा झाला. गोष्ट आठवून बघा, सगळ्यांनी मिळून केलेली शिकार सिंह एकटा घशात घालतो, बाकीच्यांना धाक दाखवून. इंग्रजीत तो ओरबाडलेला मोठा हिस्सा, आपल्याकडे तोच वाटा उलटा फिरला, ज्यानं सगळ्यात जास्त कष्ट उपसले त्याचं कौतुक झालं. गोष्ट एकच, पण आपल्या माणसांनी सिंहाला काम करायला लावलं. मला मराठीचं हे फार लोभस वाटतं, कुणीतरी कधीतरी त्या सिंहाला माफ केलं असणार.

आणि कोल्ह्याचं काय झालं? इसापनीती मराठीत यायला लागून दोनशे वर्षं होत आली, सदाशिव काशिनाथ छत्र्यांचं पुस्तक 1828 चं. तेव्हापासून कधीतरी तो ग्रीक फॉक्स आपल्याकडे कोल्हा झाला. खोकड नाही झाला. त्याचं कारण मला असं वाटतं की आपल्या गोष्टींत धूर्तपणाची जागा आधीच कोल्ह्यानं अडवून ठेवलेली. पंचतंत्रातले करटक आणि दमनक, सिंहाच्या दरबारातले ते दोन मुत्सद्दी, कोल्हेच. ते तर इथून निघून इराणात गेले, आठव्या शतकात अरबीत कलीला आणि दिम्ना झाले, आणि फिरत फिरत 1570 साली लंडनमध्ये इंग्रजीत छापले गेले. म्हणजे आपले कोल्हे इंग्रजांकडे आधी पोचले आणि त्यांचा फॉक्स आपल्याकडे मागून आला, कोल्ह्याचं नाव घेऊन. आणि ह्या सगळ्या येण्याजाण्यात बिचाऱ्या खोकडाला कुणी विचारलंच नाही. ते माळावर आपलं बीळ धरून बसलं. त्याचं नाव फक्त अण्णांसारख्या माणसांच्या तोंडी राहिलं.

आपली स्वतःची म्हण वेगळीच आहे. कोल्हा काकडीला राजी. लहानपणी आजी हे म्हणायची, कुणी थोडक्यात खूश झालं की. ही म्हण पुस्तकातली नाही, रानात जागलेल्या माणसाची आहे, काकडीच्या वेलापाशी सकाळी अर्धवट खाल्लेल्या काकड्या बघितलेल्या माणसाची. त्या कोल्ह्याला काकडी मिळते, तो खातो, जातो. न मिळालेल्या गोष्टीला नावं ठेवत बसत नाही.

आता ते सांगतो.

2010 चा मे महिना. मी पुण्यात नोकरीला लागून सात-आठ वर्षं झालेली, नवीन लग्न, आणि ऑफिसातले चार मित्र गाव बघायचं म्हणून सोबत आलेले. संध्याकाळी अंगणात पाणी मारलेलं, बाजा टाकलेल्या, मातीचा तो पहिला गार वास. आई ताटात बेदाणे घेऊन आली. मित्रांपैकी एकानं सहज विचारलं, काका, एक्सपोर्ट नाही करत का, युरोपात भाव चांगला मिळतो म्हणे. अण्णा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "एक्सपोर्टमधी काय राम न्हाई. त्यापेक्षा बेदाणा बरा. चार किलोचा एक किलो होतोय, पण आपल्या हातात ऱ्हातोय." आणि मी, मित्रांकडे बघून, इंग्रजीत म्हणालो, क्लासिक केस ऑफ साउर ग्रेप्स. सगळे हसले. जरा जास्तच हसले, कारण समोर ताटात बेदाणेच होते.

अण्णांना ग्रेप्स कळलं. त्यांच्या धंद्यातलाच शब्द तो. त्यांनी विचारलं, ग्रेप्सचं काय म्हणला रे? आणि मी सांगितलं. मी टाळू शकलो असतो, काहीही थाप मारू शकलो असतो, पण मी अगदी सातवीतल्या सरांसारखं सविस्तर सांगितलं, साउर म्हणजे आंबट, अण्णा, कोल्ह्याला द्राक्षं आंबट, असं म्हणतात इंग्रजीत. त्यांनी तो शब्द एकदा पुटपुटला. साउर. मग म्हणाले, बरं. आणि उठून मोटार चालू करायला गेले, लाइट आली होती.

मला तेव्हा माहीत नव्हतं की त्यांनी त्याच वर्षी पहिल्यांदा एक्सपोर्टला माल दिला होता. घरात कुणालाच त्यांनी धड सांगितलं नव्हतं, मला तर नाहीच. त्या वर्षी आपले द्राक्षाचे कंटेनर युरोपात अडकले होते, लिहोसीनचा अंश सापडला म्हणून, वाढ रोखायला ज्याची फवारणी सगळेच करत होते ते औषध. पेपरात आलं होतं, मी वाचलंही होतं, पुण्यात बसून, दुसऱ्या कुणाची तरी बातमी वाचावी तसं. अण्णांचा माल ज्यानं उचलला होता त्यानं कंटेनर अडकल्यावर पैसे दिलेच नाहीत. वर्षाचं उत्पन्न गेलं. तो बेदाणा म्हणजे जो थोडा माल मागं राहिला होता त्याचा केलेला. हे मला आईनं पुढच्या दिवाळीत सांगितलं, चकल्या तळता तळता, सहज, आणि मी तिला काही बोललोच नाही.

ज्या कोल्ह्याची गोष्ट मी त्यांना सांगितली त्यानं उड्या मारल्या आणि त्याला घड मिळाला नाही. अण्णांना घड मिळाला होता. त्यांनीच तो लावला होता, खरड छाटणी, फळछाटणी, डावणी-भुरीसारखे रोग, विरळणी, एकेक घड हातात धरून जीएत, म्हणजे मणी फुगवायच्या औषधात, बुडवलेला. आणि तो माणूस मोजक्या शब्दांत म्हणत होता की ह्यात राम नाही, तर मी त्याला चौकोन केला. चौदा वर्षं त्यांनी तो शब्द जपून ठेवला. मी दुसरं काहीच इंग्रजी त्यांना शिकवलं नव्हतं, कधी मनातही आलं नाही.

आणि गंमत बघा, खरं तर त्यांना किती इंग्रजी येतं. बेरी साईज, कॅनोपी, शूट, डिपिंग, आणि रसाची गोडी मोजायचं ते ब्रिक्स. डाउनीला ते डावणी म्हणतात आणि तो आता मराठी शब्दच झालाय. पण हे सगळे शब्द त्यांनी कामातून घेतले, ते कुणी फळ्यावर लिहून चौकोनात बसवले नव्हते, म्हणून त्यांना ते इंग्रजी वाटतच नाहीत. 'एवढं एकच येतंय' म्हणतात ते त्या अर्थानं. मी शिकवलेलं असं ते एकच.

फेब्रुवारीत लेकीला घेऊन गावी गेलो. शनिवार-रविवार जोडून एक सुट्टी होती. पहाटे अण्णांनी तिला उठवलं, चल, तुला कोल्हा दावतो. कोल्हा काही दिसणार नव्हता, पण ती स्वेटर घालून डोळे चोळत निघाली, मी मागं मागं. मांडवाखाली गेलं की वेगळंच असतं, बाहेर उजाडलेलं आणि आत अजून हिरवा अंधार, दवानं पानं जड झालेली, घडांवर राखेसारखी पांढुरकी झाक. बागेच्या माळाकडच्या कडेला एक तार ढिली पडली होती आणि तिथले दोन-तीन घड खाली वाकलेले. त्यातला एक खालून अर्धा खाल्लेला. नुसते देठ, आणि खाली भुसभुशीत मातीत पावलं, कुत्र्यासारखीच पण जरा निमुळती. लेक उकिडवी बसून बघत राहिली. अण्णांनी वरच्या घडातला एक मणी तोडला, खिशातून ते ब्रिक्स मोजायचं नळीसारखं यंत्र काढलं, काचेवर थेंब पिळला आणि तिच्या डोळ्याला लावून उजेडाकडे धरलं. निळ्याची रेघ कुठं आहे सांग. तिनं बराच वेळ बघून सांगितलं, नाइन्टीन. अण्णा म्हणाले, बघ, म्हणून आलाय तो.

ती पुढं पळाली. मी तार धरून उभा राहिलो, अण्णा पक्कडीनं ती ताणत होते. मी म्हणालो, अण्णा, ते मी त्या वेळी अंगणात जे बोललो होतो, साउर ग्रेप्सचं, मला तेव्हा पैशाचं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी तार पिळून घट्ट केली, हात पुसले. म्हणाले, "म्यां सांगितलंच न्हवतं तुला, तर तुला कुठनं कळंल." मग थोड्या वेळानं म्हणाले, "लागलं होतं पण."

एवढंच. मी मान हलवली, दुसरं काय करणार होतो.

दुसऱ्या तारेपाशी गेल्यावर त्यांनी विचारलं, खोकडाला इंग्रजीत फॉक्स, मग कोल्ह्याला काय म्हणतात? मी म्हणालो, जॅकल. त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला, जॅकल, जॅकल, व्यापाऱ्यानं दिलेला मणी चाखून बघावा तसा. खाल्लेला घड त्यांनी तोडला नाही, तसाच राहू दिला. तेवढ्यात तोडणीची माणसं पाटावरून येताना दिसली, डोक्यावर क्रेट, पुढं गप्पा मारत येणारा शिवा. अण्णांनी लांबूनच हाक मारून त्याला सांगितलं, "शिवा, ह्या कडेची तार बघ रे. रातच्याला जॅकल आलतं."

"काय आलतं?" शिवा म्हणाला.